सून मुलकी, जावई परका

निजामाच्या राज्यात १९१९ साली मुलकी नियम आले. सरकारी नोकरी कुणाला द्यायची हे ठरवण्यासाठी ते होते, आणि त्यासाठी आधी ‘मुलकी’ कोण, म्हणजे संस्थानचा आपला माणूस कोण, हे त्यात लिहून काढलं होतं. जन्मानं हैदराबाद संस्थानचा प्रजाजन असेल तो मुलकी. पंधरा वर्षं संस्थानात राहिला असेल तो मुलकी. आणि मुलकी माणसाची बायको, तीही मुलकी. आपलं हुलसूर तेव्हा संस्थानच्या बिदर जिल्ह्यात होतं. सोलापूरकडच्या इंग्रजी मुलखातली एखादी मुलगी हुलसूरच्या घरात सून म्हणून आली, की या नियमापुरती ती त्याच दिवशी इथली झाली. पण हुलसूरच्या मुलीशी लग्न करून सासुरवाडीला राहायला आलेल्या सोलापूरच्या जावयाला अशी सवलत नव्हती. त्यानं पंधरा वर्षं काढायची.

देशोदेशीचे नागरिकत्वाचे कायदे बराच काळ याच समजुतीवर चालले: बाई नवऱ्याच्या मागं जाते, नवरा बायकोच्या मागं जात नाही. आज ही समजूत कायद्यातून बहुतेक गेली आहे. तिच्या जागी जे आलं, ते मात्र आपल्याकडच्या घरांना अजून नीट माहीत नाही. आता लग्नानं कुणीच आपोआप कुठलं होत नाही. नवरा आणि बायको कायद्यापुढं दोन वेगळी माणसं आहेत, दोघांचे कागद वेगळे, मुदती वेगळ्या. पोरगी परदेशी देताना किंवा परदेशी सून घरात आणताना ही एक गोष्ट मनात पक्की असली, तर पुढचे बरेच घोटाळे टळतात.

आपल्या भागाला सीमा नवीन नाही. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा बिदर जिल्ह्यातले निलंगा, उदगीर आणि अहमदपूर हे तालुके मुंबई राज्यात गेले आणि हुलसूर म्हैसूर राज्यात राहिलं. सोयरिकी थांबल्या नाहीत. निलंग्याची मुलगी हुलसूरला येते, हुलसूरची उमरग्याला जाते. जातीच्या दाखल्याची आणि आरक्षणाची अडचण तिला राज्य बदलल्यानं सोसावी लागते, ती खरीच आहे. नागरिकत्वाला मात्र धक्का लागत नाही, कारण संविधानानं सगळ्या देशाला एकच नागरिकत्व दिलं. देशाची सीमा ओलांडली की हा आधार संपतो.

जुना कायदा बाईला किती सहज एका देशातून दुसऱ्या देशात नेत असे, याचं आपल्याजवळचं उदाहरण सावित्रीबाई खानोलकरांचं. १९१३ साली स्वित्झर्लंडमधल्या न्यूशातेलला जन्मलेल्या ईव्ह इव्हॉन यांनी १९३२ मध्ये विक्रम खानोलकर या मराठी लष्करी अधिकाऱ्याशी लग्न केलं. परमवीर चक्राचा आराखडा पुढं त्यांनीच केला. त्या काळी ब्रिटिश साम्राज्यात १९१४ चा कायदा होता. ब्रिटिश प्रजाजनाची बायको ती ब्रिटिश प्रजाजन, इतकं सरळ. उलट बाजूनं, परक्याशी लग्न केलेली बाई सहसा स्वतःचं जुनं नागरिकत्व गमावून बसे. युरोपातल्या अनेक देशांत तसाच रिवाज होता. लग्न टिकलं तर ठीक. मोडलं तर तिनं कुठं जायचं, याची कायद्याला फिकीर नव्हती.

अमेरिकेत तर हे प्रकरण न्यायालयापर्यंत गेलं. १९०७ च्या कायद्यानं परक्याशी लग्न करणारी अमेरिकन बाई नागरिकत्वाला मुकत असे. १९२२ च्या केबल कायद्यानं ते बदललं, पण एक खाच ठेवून. नवरा जर नागरिक व्हायलाच अपात्र अशा वंशाचा असेल, तर बायकोचंही नागरिकत्व जाणार. पुढच्याच वर्षी, १९२३ मध्ये, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात हिंदी माणूस ‘गोरा’ नाही, म्हणून नागरिकत्वाला अपात्र, असा निकाल दिला. थिंड यांचे वकील होते सखाराम गणेश पंडित. ते स्वतः १९१४ पासून अमेरिकेचे नागरिक होते आणि त्यांची पत्नी लिलियन ही गोरी अमेरिकन होती. निकालानंतर सरकारनं पंडितांचंही नागरिकत्व काढून घ्यायला दावा लावला. आपली केस त्यांनी स्वतः लढवली. त्यांचं म्हणणं असं: तुमच्याच न्यायालयानं मला नागरिक केलं, त्या भरवशावर मी वकिली उभी केली, घर घेतलं, लग्न केलं. आता मला परका ठरवलंत, तर माझ्या बायकोचंही नागरिकत्व जाईल. १९२६ मध्ये अपील न्यायालयानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला आणि १९२७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सरकारचं अपील ऐकायला नकार दिला. मला या खटल्यातलं लिलियनचं स्थान फार बोचतं. तिनं काहीच केलं नव्हतं. जन्म अमेरिकेतला, भाषा तीच, देश तोच. तिचं नागरिकत्व फक्त तिच्या नवऱ्याच्या कातडीच्या रंगावर टांगून ठेवलेलं होतं.

आपला नागरिकत्व कायदा १९५५ चा. त्याच्या पाचव्या कलमात भारतीय नागरिकाशी लग्न केलेल्या परदेशी व्यक्तीनं नोंदणी करून नागरिक व्हायची तरतूद पहिल्यापासून आहे. पण मूळ कायद्यात शब्द होता ‘स्त्रिया’. परदेशी सुनेला हा मार्ग होता. परदेशी जावयाला नव्हता. त्याला इतर परक्यांसारखी देशीयकरणाची वाट धरावी लागे. मुलकी नियम गेले, संस्थान गेलं, पण ती समजूत नव्या कायद्यात शिल्लक राहिली होती. १९८६ च्या दुरुस्तीनं ‘स्त्रिया’ऐवजी ‘व्यक्ती’ आलं, म्हणजे जावईही पात्र झाला. त्याच दुरुस्तीनं दोघांसाठी पाच वर्षांच्या वास्तव्याची अट घातली. २००३ च्या दुरुस्तीनं पाचाची सात वर्षं केली.

या जुन्या टप्प्यातलं महाराष्ट्रातलं सर्वात ओळखीचं नाव गेल ऑम्व्हेट यांचं. अमेरिकेतल्या मिनियापोलिसच्या, जन्म १९४१ चा. पश्चिम भारतातल्या ब्राह्मणेतर चळवळीवर त्यांनी बर्कलीच्या विद्यापीठात १९७३ मध्ये प्रबंध पुरा केला. १९७६ मध्ये भारत पाटणकरांशी लग्न केलं आणि सांगली जिल्ह्यातल्या वाळवा तालुक्यात, कासेगावला, घर केलं. सासूबाई इंदुमती पाटणकर स्वातंत्र्यलढ्यातल्या कार्यकर्त्या. १९८३ मध्ये गेलताई भारताच्या नागरिक झाल्या आणि २०२१ मध्ये गेल्या त्या कासेगावातच. मोर्चात चालणाऱ्या, पाण्याच्या प्रश्नावर बोलणाऱ्या माणसाला नागरिकत्व का हवं, हे वेगळं सांगायला नको. परक्या पासपोर्टवर राहणाऱ्या माणसाचं इथलं राहणं सरकारच्या परवान्यावर असतं, आणि सरकारवर टीका करणाऱ्याचा परवाना कधीही अडू शकतो.

आता आजचं पाहू. समजा हुलसूरचा एक मुलगा पुण्याच्या संगणक कंपनीत आहे आणि त्याचं लग्न ब्राझीलच्या मुलीशी ठरलंय. घरच्यांना गावात, मांडव घालून, अक्षता टाकून लग्न करायचं आहे. जरूर करावं. पण हिंदू विवाह कायदा दोघंही हिंदू असतील तरच लागू होतो. मुलगी ख्रिस्ती असेल, तर नुसत्या सप्तपदीनं तिचं लग्न कायद्यात उभं राहत नाही. त्यांच्यासाठी १९५४ चा विशेष विवाह कायदा आहे. दोघांपैकी एकानं तरी ज्या जिल्ह्यात तीस दिवस वास्तव्य केलं आहे, तिथल्या विवाह अधिकाऱ्याकडं नोटीस द्यायची. ती नोटीस कार्यालयात तीस दिवस लागते. हरकत आली नाही, तर नोटिशीपासून तीन महिन्यांच्या आत लग्न. परदेशी जोडीदाराकडून तिच्या देशाच्या वकिलातीचा दाखला मागितला जातो, की ही व्यक्ती अविवाहित आहे आणि लग्नाला अडथळा नाही. हा दाखला मिळायला वेळ लागतो, म्हणून तिथी काढायच्या आधी दाखल्याचं बघावं. मांडवातलं लग्न आधी झालं असेल, तर त्याच कायद्याच्या पंधराव्या कलमाखाली ते मागाहून नोंदवताही येतं. लग्न परदेशात होणार असेल आणि एक जण भारतीय असेल, तर १९६९ च्या परदेशी विवाह कायद्याखाली आपल्या दूतावासात ते होऊ शकतं.

लग्न झालं म्हणजे सून इथली झाली नाही. ती एंट्री व्हिसावर येईल. व्हिसा १८० दिवसांपेक्षा जास्त मुदतीचा असेल, तर साधारणपणे आल्यापासून चौदा दिवसांत तिची नोंद व्हायला हवी. बंगळूरसारख्या शहरात त्यासाठी परदेशी नागरिकांचं प्रादेशिक नोंदणी कार्यालय आहे. जिल्ह्यात हे काम पोलीस अधीक्षकाकडं असतं, म्हणजे आपल्यासाठी बिदरला. अर्ज आता ऑनलाइन होतो. हा सगळा कारभार १ सप्टेंबर २०२५ पासून नव्या इमिग्रेशन आणि परदेशी नागरिक कायद्याखाली गेला आहे. १९४६ चा जुना परदेशी नागरिक कायदा त्याच दिवशी संपला, तेव्हा जुन्या माहितीपत्रकावर विसंबू नये. ती मुलगी घरात पाहुणी नाही हे आपल्याला ठाऊक असतं. पण पोलिसांच्या वहीत ती मुदतीवर आलेली परदेशी व्यक्तीच आहे, आणि मुदत चुकली तर दंड तिच्या नावावर पडतो.

पुढं दोन रस्ते फुटतात.

पहिला ओसीआयचा, म्हणजे भारताच्या परदेशस्थ नागरिकाचं कार्ड. नावात नागरिक हा शब्द असला, तरी हे नागरिकत्व नव्हे. ती आयुष्यभर भारतात येऊ-जाऊ शकते, राहू शकते, बहुतेक नोकऱ्या करू शकते, पोलिसांत नोंद करावी लागत नाही. मतदान नाही, सरकारी पद नाही. अट अशी, की लग्न नोंदवलेलं हवं आणि अर्जाआधी सलग दोन वर्षं टिकलेलं हवं. म्हणजे लग्न नोंदवायला तुम्ही वर्षभर आळस केलात, तर अर्जच अडतो. सुरक्षा तपासणी होते. तिचे आईवडील, आजीआजोबा किंवा पणजीपणजोबा कधी पाकिस्तानचे वा बांगलादेशचे नागरिक असतील, तर हे कार्ड मिळत नाही. आणखी एक गोष्ट, शेतीवाल्या घरांना महत्त्वाची: ओसीआय कार्डावर शेतजमीन विकत घेता येत नाही. हुलसूरच्या शिवारात सुनेच्या नावावर दोन एकर घ्यायचा विचार असेल, तर तो सोडावा लागेल.

दुसरा रस्ता पूर्ण नागरिकत्वाचा. इथं सात वर्षांचा हिशेब लोक चुकीचा करतात. अर्जाच्या लगेच आधीचे बारा महिने सलग भारतात काढलेले हवेत. आणि त्या बारा महिन्यांच्या आधीच्या आठ वर्षांत मिळून किमान सहा वर्षं. पहिल्या भागात खंड चालत नाही. सरकार विशेष कारणासाठी फार तर तीस दिवसांची सूट देऊ शकतं. आपल्याकडं पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत. परदेशी सून बाळंतपणाला चार महिने आईकडं गेली, तर मोठ्या हिशेबात ते चार महिने सहज मावतात, पण नेमकं अर्जाआधीच्या वर्षात गेली तर ते वर्ष पुन्हा पहिल्यापासून मोजावं लागतं. म्हणून शेवटचं वर्ष आधीच ठरवून घ्यावं आणि पासपोर्टवरच्या प्रत्येक शिक्क्याची तारीख लिहून ठेवावी. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांमार्फत राज्याकडं आणि तिथून दिल्लीला गृह मंत्रालयाकडं जातो. शेवटी तिला आपलं जुनं नागरिकत्व सोडावं लागतं, कारण भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही.

बहुतेक जोडपी ओसीआयवर थांबतात, कारण जुना पासपोर्ट सोडावा लागत नाही. ते मला समजतं. पण ओसीआयच्या कायद्यात एक कलम आहे, जे मला अन्यायाचं वाटतं. जोडीदार म्हणून मिळालेलं कार्ड घटस्फोट झाला तर रद्द होऊ शकतं. वीस वर्षं इथं संसार केलेली, मराठी बोलणारी, मुलं इथल्या शाळेत घातलेली बाई घटस्फोटानंतर पुन्हा व्हिसा मागायला उभी राहते. लिलियन पंडितच्या डोक्यावर जी टांगती तलवार होती, तिचाच हा धाकटा प्रकार आहे. ज्या बाईला कायम इथंच राहायचं आहे, तिनं सात वर्षं पुरी होताच नागरिकत्वाचा विचार गंभीरपणे करावा, असं मी सांगेन. आणि कायद्यात किमान इतका बदल व्हावा, की इतकी वर्षं इथं राहिलेल्या आईचा हक्क लग्नाच्या दोरीला बांधलेला नसावा.

आपली मुलगी परदेशी जाते तेव्हा हाच प्रश्न उलट्या बाजूनं येतो, आणि तिथं तर आपल्या घरांना प्रश्न विचारायचाच संकोच वाटतो. ‘जावई अमेरिकेत आहे’ या वाक्यात काहीच माहिती नाही. तो कोणत्या दर्जावर आहे? अमेरिकेचा नागरिक असेल, तर बायकोसाठी वार्षिक कोट्याची मर्यादा नाही. ग्रीन कार्डवर असेल, तर कोटा आहे आणि रांगही. एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असेल, तर ती एच-४ या जोडीदाराच्या व्हिसावर जाईल, आणि एच-४ वर नोकरीची परवानगी सगळ्यांना नसते. २०१५ पासून ती मिळते ती ढोबळमानानं अशांना, ज्यांच्या नवऱ्याच्या ग्रीन कार्डाचा अर्ज ठरावीक टप्प्यापर्यंत मंजूर झाला आहे. इंजिनिअर झालेली मुलगी तिथं वर्षानुवर्षं घरात बसून राहते, ती यामुळं. नागरिकाची बायको म्हणून जाताना लग्नाला दोन वर्षं झाली नसतील, तर तिला मिळणारं ग्रीन कार्ड दोन वर्षांचं, सशर्त असतं. ते संपण्याआधीच्या नव्वद दिवसांत दोघांनी मिळून अट काढायचा अर्ज करायचा. नवऱ्यानं सही नाकारली किंवा छळ केला, तर तिला एकटीलाही अर्ज करता येतो, अशी तरतूद त्या कायद्यात आहे. हे तिला इथून निघतानाच माहीत असलं पाहिजे.

ब्रिटनमध्ये जोडीदाराला बोलावणाऱ्याचं वार्षिक उत्पन्न एप्रिल २०२४ पासून २९,००० पौंड असावं लागतं. त्याआधी ही मर्यादा १८,६०० होती. जर्मनीत बहुतेक जोडीदारांना ए-१ पातळीची जर्मन परीक्षा आधी द्यावी लागते, ब्ल्यू कार्डवाल्यांच्या जोडीदारांना त्यातून सूट आहे. पुण्यात आणि बंगळूरला जर्मन शिकवणारं मॅक्स म्युलर भवन आहे, ती सोय आपल्याला दोन्ही बाजूंनी आहे. आखातात बायकोचं राहणं सहसा नवऱ्याच्या नोकरीशी आणि पगाराशी बांधलेलं असतं. नोकरी गेली की दोघांची मुदत संपते.

कागदांचं म्हणाल, तर आपल्या भागाची एक खास अडचण आहे. मुलीचा जन्मदाखला कन्नडमध्ये, शाळेचा दाखला निलंग्याचा असेल तर मराठीत, आधार कार्डावर इंग्रजी. आडनावाचं स्पेलिंग तीन ठिकाणी तीन तऱ्हेचं होतं. त्यात काही घरांत लग्नात मुलीचं नावही बदलतात. वकिलातीतला अधिकारी हे सगळं एकाच बाईचं आहे असं गृहीत धरत नाही. म्हणून पासपोर्टवर जे नाव आहे तेच लग्नाच्या नोंदीत घालावं, नाव बदलण्याची हौस घरात राहू द्यावी. जुन्या पिढीत घरी झालेल्या बाळंतपणांची नोंद अनेकदा नसायची, तिथं उशिरा केलेल्या नोंदीबरोबर शाळेचा दाखला जोडावा. परदेशी वापरायच्या दाखल्यांवर परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल, म्हणजे दाखला खरा असल्याचं प्रमाणपत्र, लागतं. भारत २००५ पासून अपोस्टिलच्या आंतरराष्ट्रीय करारात आहे, पण ज्या देशात जायचं तो ते स्वीकारतो का, हे त्या देशाच्या वकिलातीकडूनच कळून घ्यावं, एजंटाकडून नव्हे. लग्न खरं आहे याचा पुरावाही मागतात: पत्रिका, साखरपुड्याचे फोटो, दोन्हीकडच्या नातलगांसह काढलेले फोटो, एकमेकांना पाठवलेले पैसे. ठरवून झालेल्या लग्नात नवरा-बायको एकमेकांना फार थोडं ओळखतात, आणि मुलाखतीत ते दिसतं. त्यात लाज नाही. जे खरं आहे ते सांगावं. पढवलेलं उत्तर पटकन ओळखू येतं.

मुलीच्या हाती तिचा पासपोर्ट, लग्नाचा दाखला, व्हिसाच्या अर्जाची प्रत आणि नवऱ्याच्या दर्जाचा कागद यांचा एक संच असावा, आणि दुसरा तिच्या आईकडं हुलसूरला. परदेशी टाकून दिलेल्या बायकांसाठी राष्ट्रीय महिला आयोगात २००९ पासून वेगळा कक्ष आहे, आणि परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर तक्रार करता येते. तक्रार करायला जावयाचा पासपोर्ट क्रमांक, पत्ता आणि कंपनीचं नाव लागतं. लग्नाआधी हे मागायला भीड बाळगायचं कारण नाही.

जावयानं पुढं परदेशी नागरिकत्व घेतलं, तर त्या क्षणी त्याचं भारतीय नागरिकत्व संपतं. नवव्या कलमानं ते आपोआप जातं, त्यासाठी कुठला हुकूम लागत नाही. भारतीय पासपोर्ट परत करून समर्पणाचा दाखला घ्यावा लागतो. आपल्या मुलीचं नागरिकत्व मात्र त्यामुळं जात नाही. तिला घ्यायचं की नाही, हे तिनं ठरवायचं.

राहिलं मूल. परदेशात जन्मलेल्या मुलाला भारतीय नागरिकत्व फक्त वडिलांकडून मिळेल, असं १९९२ पर्यंत आपल्या कायद्यात होतं. १० डिसेंबर १९९२ पासून आईकडूनही मिळतं. पण ३ डिसेंबर २००४ पासून एक अट आली: जन्मानंतर वर्षभरात आपल्या वाणिज्य दूतावासात नोंद करायची, आणि मुलाकडं दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असं आईवडिलांनी लिहून द्यायचं. वर्ष उलटलं, तर नोंदीला केंद्र सरकारची परवानगी लागते. जर्मनीत वा आखातात जन्मलेल्या बाळाला तिथलं नागरिकत्व आपोआप मिळेल असं नसतं. तेव्हा बारशाच्या गडबडीत दूतावासाची तारीख घेऊन ठेवावी. आजीनं फोनवर नाव काय ठेवलं विचारताना नोंद झाली का, हेही विचारावं.